फळ्यावरचा वाय वर, पडद्यावरचा खाली

स्मरणिकेसाठी माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी मागवल्या आहेत. सहली, स्नेहसंमेलनं आणि छड्या यांवर बाकीचे भरभरून लिहितीलच. मी आलेखवहीतलं एकच पान घेतो, निर्देशक भूमितीचं. आडवा एक्स-अक्ष, उभा वाय-अक्ष. उजवीकडे आणि वर धन, डावीकडे आणि खाली ऋण. कोन मोजायचा तो एक्सपासून, घड्याळाच्या काट्यांच्या उलट. त्या पानात चूक काहीच नाही. फक्त वाय वरच का, याला गणितात कारण नाही, हे तिथे लिहिलेलं नसतं. रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी चालवतो तसा तो नुसता संकेत आहे, आणि शाळेबाहेर प्रत्येक धंद्याने आपल्या सोयीने तो बदलून घेतला आहे.

सगळ्यात जवळचं उदाहरण खिशातल्या मोबाइलचं. तिथे आरंभबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि वाय खाली वाढत जातो, कारण जुन्या चित्रनळीतला किरण ओळी वरून खाली काढत असे. त्यामुळे '३० अंश फिरव' म्हटलं की चित्र काट्यांच्या दिशेने फिरतं. १०८० ओळींचं चित्र उलटं करताना नवी ओळ म्हणजे १०७९ वजा जुनी, कारण मोजणी शून्यापासून असते. १०८० मधून वजा केलं की एक ओळ चित्राबाहेर पडते.

जमिनीच्या मोजणीत कोन उत्तरेपासून आणि काट्यांच्या दिशेने मोजतात. एक बिंदू पूर्वेला ३० मीटर आणि उत्तरेला ४० मीटर असेल, तर वहीतला कोन ५३.१३ अंश आणि मोजणीदाराचा ३६.८७. दोन्हींची बेरीज ९०, म्हणून एकावरून दुसरा काढणं सोपं. घोटाळा संगणकावर होतो. बहुतेक प्रोग्रामिंग भाषांत एटॅन-टू या, एक्स आणि वायवरून कोन काढणाऱ्या, फलाला आधी वाय द्यावा लागतो, एक्सेलमध्ये आधी एक्स. सूत्र जसंच्या तसं उचललं की सगळे कोन बदलतात, पण आकडे संभाव्य दिसतात म्हणून कुणाला शंका येत नाही.

टोटल स्टेशन या मोजणीयंत्राच्या फाइलमध्ये कधी नॉर्थिंग (उत्तरेकडचं अंतर) आधी असतं, कधी ईस्टिंग (पूर्वेकडचं). हे दोन स्तंभ उलटे वाचले तर प्लॉट ४५ अंशांच्या रेषेभोवती आरशासारखा पलटतो. गंमत अशी, की प्रत्येक बाजूची लांबी जुळते आणि क्षेत्रफळही गुंठ्यापर्यंत जुळतं, म्हणून 'क्षेत्र बरोबर आलं' ही इथे तपासणीच नव्हे. कोपरे जमिनीवर कोणत्या दिशेने घेत गेलो ते टिपून ठेवावं. काट्यांच्या उलट घेतलेले कोपरे निर्देशकांवरून क्षेत्रफळ काढायच्या सूत्रात घातले की क्षेत्रफळ धन यायला हवं. ऋण आलं तर स्तंभ उलटे वाचले गेले आहेत. आणखी सोपी खूण म्हणजे यूटीएम पद्धतीत (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये निर्देशक देतात ती) महाराष्ट्रात नॉर्थिंग सात अंकी येतं, ईस्टिंग सहा अंकी. पुण्याचं नॉर्थिंग सुमारे २० लाख ४८ हजार मीटर, ईस्टिंग सुमारे ३ लाख ८० हजार.

या ईस्टिंगमध्ये आणखी एक सापळा आहे. ७८ अंश रेखांशाच्या पश्चिमेकडचा महाराष्ट्र ४३व्या पट्ट्यात आणि पूर्वेकडचा ४४व्या पट्ट्यात येतो, आणि प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेषेला नव्याने ५ लाख ही किंमत दिलेली असते. नागपूरचं ईस्टिंग ३ लाखांच्या आसपास येतं. पट्ट्याचा क्रमांक न लिहिता आकडे एकत्र केले, तर नागपूर पुण्याच्या पश्चिमेला जातं!

अक्षांश-रेखांशांचंही तसंच. बोलताना आपण अक्षांश आधी सांगतो, पण वेब नकाशांत वापरल्या जाणाऱ्या जिओजेसन या फाइलींच्या प्रकारात रेखांश आधी लिहायचा असतो. पुण्याचे १८.५२ आणि ७३.८६ हे आकडे उलटले की खूण नॉर्वेच्या उत्तरेला, बेअर आयलंडपासून साठेक किलोमीटरवर, थेट समुद्रात पडते. एवढी मोठी चूक निदान लगेच दिसते तरी.

नकाशात उत्तर वर, हाही संकेतच. आपल्या भाषेचं तोंड मात्र पूर्वेकडे आहे. पूर्वेला तोंड करून उभं राहिलं की उजव्या हाताला दक्षिण, आणि 'दक्षिण' या शब्दाचा अर्थच उजवा.

कारखान्यात गेलेल्या मित्रांसाठी सीएनसीबद्दल, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या कापयंत्रांबद्दल, थोडं सविस्तर. तिथे झेड-अक्ष स्पिंडलच्या (फिरणाऱ्या दांड्याच्या) रेषेत असतो आणि टूल (कापणारं हत्यार) जॉबपासून (कापायच्या तुकड्यापासून) दूर जाईल ती दिशा धन. म्हणजे ५ मिलिमीटर खोल जायचं तर उणे ५. उणे चिन्ह टाकायचं राहिलं तर टूल हवेत फिरतं, जॉब वाचतो. उलट, वर जाण्याच्या जलद चालीत चुकून उणे पडलं तर टूल गेलंच. दिशा नेहमी टूलची धरतात. व्हीएमसीवर, म्हणजे उभ्या स्पिंडलच्या यंत्रावर, एक्स धनचं बटण दाबलं की टेबल डावीकडे सरकताना पाहून नवीन मुलगा गोंधळतो. जॉबच्या मानाने टूल उजवीकडेच गेलेलं असतं. लेथवर एक्स व्यासात लिहितात. ४० मिलिमीटर व्यासाचा जॉब ४०.०६ भरला तर वेअर ऑफसेटमध्ये (टूलच्या झिजेच्या दुरुस्तीच्या रकान्यात) उणे ०.०६ टाकायचं, निम्मं नव्हे.

कंसाच्या चालीत तर चांगले जुने हातही चुकतात. जी ०२ ही आज्ञा कंस काट्यांच्या दिशेने काढते, जी ०३ उलट, पण कुठून पाहिल्यावर? प्रतलाबाहेरच्या तिसऱ्या अक्षाच्या धन टोकाकडून. व्हीएमसीवर जी १८ (एक्स-झेड) प्रतलात हे टोक, म्हणजे वायचं, मशीनच्या मागे असतं, म्हणून समोर उभ्या ऑपरेटरला जी ०२ उलटा दिसतो. त्रिज्या आर देऊन लिहिली असेल तर कंट्रोल अलार्मही देत नाही. फुगवट्याच्या जागी निमूटपणे खळगा पाडतो. पहिल्यांदा झेड ५० मिलिमीटर वर उचलून सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ) चालवून बघावं.

त्रिमितीत शेवटचा प्रश्न हाताचा. उजव्या हाताची बोटं एक्सकडून वायकडे वळवली की अंगठा झेडची दिशा दाखवतो, ती उजव्या हाताची रचना; डाव्या हाताने हे जुळलं तर डाव्या हाताची. ब्लेंडर हे त्रिमिती मॉडेल बनवायचं सॉफ्टवेअर उजव्या हाताचं आहे आणि त्यात झेड वर. युनिटी हे गेम बनवायचं सॉफ्टवेअर डाव्या हाताचं, त्यात वाय वर. फक्त 'वर' वेगळा असेल तर मॉडेल पाठीवर आडवं पडतं आणि ९० अंश फिरवून सरळ होतं. हात वेगळा असेल तर मॉडेल आरशातलं होतं, मग ते कितीही फिरवा. एका अक्षाचं चिन्ह बदलावं लागतं, आणि ते केलं की पृष्ठभागांची आतली बाजू बाहेर येते, तीही पलटावी लागते. ड्रोनचे अक्ष उत्तर-पूर्व-खाली असतात आणि रोबोटचे पूर्व-उत्तर-वर. तिथे पहिले दोन आकडे अदलाबदल करून तिसऱ्याचं चिन्ह बदललं की पुरतं, कारण दोन उलटापालटी एकमेकींना खोडतात.

हात तपासायला मॉडेलवर एक अक्षर कोरून पाहावं. 'क' किंवा 'ड' चालेल. 'ठ' घेऊ नये, तो आरशातही जवळजवळ तसाच दिसतो.