बंदोबस्तानंतरची रजा: अर्ज कसा करायचा

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 मध्ये 'मानसिक आरोग्य रजा' असं वेगळं खातं नाही. गणपती विसर्जनाचा पोलीस बंदोबस्त उतरला तरी झोप लागत नसेल, तर वाट वैद्यकीय रजेचीच.

ती अर्धवेतनी (अर्ध्या पगाराच्या) रजेतून मिळते; ही रजा वर्षाला 20 दिवस जमा होते. ती वैद्यकीय दाखल्यावर परिवर्तित केली की पगार पूर्ण मिळतो, पण खात्यातून दुप्पट वजा होते: 10 दिवस घेतले की 20 गेले. म्हणून आधी सेवापुस्तकातल्या रजेच्या खात्यात शिल्लक पाहा.

दाखला पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या मानसोपचार विभागातून घ्या. त्यावर विश्रांतीची 'पासून–पर्यंत' तारीख हवी. नुसतं 'विश्रांतीचा सल्ला' लिहिलं की अर्ज परत येतो. ओपीडीचा केसपेपर जपून ठेवा, झेरॉक्स जोडा. हजर होताना फिटनेसचा दाखलाही लागतो, तो बहुतेक जण विसरतात.

चार दिवसांची रजा मागण्यात फारसा अर्थ नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून त्या मनानेच बंद केल्या तर चक्कर, चिडचिड परत सुरू. गुंगी आणणारी गोळी असेल तर डॉक्टरांना ड्युटीचं स्वरूप स्पष्ट सांगा: हत्यार, रात्रपाळी, गाडी चालवणं.

'सगळ्या ठाण्याला कळेल' ही धास्ती खरी आहे. पण मानसिक आरोग्य सेवा कायदा, 2017 च्या कलम 23 ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. रात्री-अपरात्री बोलायचं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416.