माळवदाच्या घरात वाय-फाय आणि 'निवारण झाले' असा मेसेज

तक्रार क्रमांक मिळाला म्हणजे काम मार्गी लागलं, असं धरून चालू नका. घरातलं नेट नीट चालत नाही ही माझी तक्रार इंटरनेट कंपनीनं 'निवारण झाले' म्हणून तीनदा बंद केली, आणि तिन्ही वेळा कुणी घराकडे फिरकलंसुद्धा नाही.

घर सोलापूरच्या साखर पेठेतलं, माळवदाचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं. दगडमातीच्या दोन फुटी भिंती. राऊटर ढाळजेत, म्हणजे दारालगतच्या पडवीत, लोखंडी कपाटाच्या मागे. मी आत, तिसऱ्या खोलीत टॉवेलची डिझाइनं करतो. कारखान्यात फाइल पाठवायला घेतली की अर्ध्यावर अडकायची.

चौथ्यांदा एकदाचा कंपनीचा माणूस आला. मोबाइल राऊटरजवळ धरून त्यानं वेग मोजला : ९४ एमबीपीएस. "लाइन ओके आहे, साहेब." म्हटलं, आत येऊन मोजा. "आतलं आमच्याकडे येत नाही." मीच आत जाऊन मोजलं : वेग ३, सिग्नल उणे ८४ डीबीएम, म्हणजे फारच क्षीण. त्याला स्क्रीन दाखवली, तर त्यानं सहीसाठी फॉर्म पुढे केला. मी सही केली नाही. तुम्हीही करू नका. तरी संध्याकाळी तोच मेसेज! अजून आठवलं की डोकं तापतं.

मग स्वतःच चार अँटेनांचा राऊटर घेतला. ढाळजेतून लॅन केबल माळवदावर नेली, सवण्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, माजघरात उतरवली आणि नवा राऊटर तिथं अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर लावला, म्हणजे केबलनं आलेलं तेच नेट तो तिथून वाय-फायनं पसरवतो. केबल बाहेर वापरायचीच घ्या, सोलापूरच्या उन्हात साधीचं आवरण तडकतं.

दुकानदार म्हणाला होता, चार अँटेना म्हणजे चौपट वेग. तसं नसतं. बहुतेक मोबाइलमध्ये वाय-फायच्या दोनच अँटेना असतात, त्यामुळे एका वेळी डेटाचे दोनच प्रवाह चालतात. फायदा वेगळा आहे. भिंतींवर आपटून सिग्नल वेगवेगळ्या वाटांनी येतो. एका अँटेनाला त्याचा त्रास होतो, पण चार असल्या की त्याच वाटा उपयोगी पडतात आणि मोबाइलचा क्षीण सिग्नलही नीट पकडला जातो. २००९ च्या ८०२.११एन मानकापासून हे तंत्र वाय-फायमध्ये आहे. दोन अँटेना उभ्या ठेवा, दोन तिरक्या. मोबाइल आडवा धरला तरी पकड सुटत नाही.

आता माझ्या टेबलावर ८० मिळतात. अरे हो, वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर चॅनेल १, ६ किंवा ११ च ठेवा, ते एकमेकांवर चढत नाहीत. शेजारच्यांचं कुठलं आहे ते आधी बघा. आणि कपाटाच्या मागे राऊटर कधीच नको.