लाल नाकाचा बादशहा

रोम बुडालं कधी, असं विचारलं की इ.स. 476 हे उत्तर ठरलेलं. रोम्युलस ऑगस्टुलस नावाच्या पोरसवदा बादशहाला गादीवरून उतरवलं आणि पश्चिमेकडचा कारभार आटोपला. (पूर्वेकडची पाती 1453 पर्यंत टिकली, हे कुणी लक्षात ठेवत नाही.) बाजारातल्या सराफाला मात्र हे दुखणं दोनशे वर्षं आधीच कळलं होतं, कारण देनारियस रोज त्याच्या हातातून जात होता.

देनारियस म्हणजे रोमचं खणखणीत नाणं. ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून, म्हणजे साधारण सव्वातीनशे ग्रॅम चांदीतून, 84 नाणी पाडत. चांदी जवळजवळ शुद्ध. सैनिकाला वर्षाचे 225 मिळत. इ.स. 64 मध्ये रोम जळालं, खर्च उभा राहिला, आणि नीरोने पौंडामागे 96 नाणी पाडायला लावली. वर तांबंही मिसळलं. दक्षिण भारतात सापडलेल्या ठेव्यांत ऑगस्टस आणि टायबेरियसचे देनारियस भरपूर, नीरोच्या कपातीनंतरचे तुरळक. आपल्याकडच्या व्यापाऱ्यांची पारख पक्की होती, असं मानायला जागा आहे.

तांबं वाढलं की नाणं तांबूस दिसणार. त्यावर टांकसाळीत तोड होती. बिनछापाच्या चकत्या तापवायच्या. वरवरचं तांबं काळं पडतं, चांदी तशीच राहते. मग त्या आंबट द्रावणात टाकायच्या. चिंच लावून तांब्याचा हंडा घासतो, तेच हे रसायन. काळा थर विरघळून जातो, वर चांदीचा पातळ पापुद्रा उरतो. त्यावर ठसा मारला की बादशहा पांढराशुभ्र! घोटाळा व्हायचा तो पुढे, वापरात. ठशातले उंचवटे आधी झिजतात: बादशहाचं नाक, गाल, कानावरचे केस. तिथून तांबं डोकावू लागतं. असा लाल नाकाचा बादशहा हातात पडला की घेणारा काय ते समजायचा, आणि घरातली जुनी, चांगली नाणी मडक्यात घालून पुरायचा.

भेसळीमागे कारण बहुतेक वेळा एकच, फौजेचा पगार. सैनिकांना श्रीमंत करा, बाकीच्यांची फिकीर नको, असं बादशहा सेप्टिमियस सेव्हेरस मरताना मुलांना सांगून गेला, असं इतिहासकार डिओ लिहितो. सेव्हेरसच्याच काळात चांदी निम्म्यावर आली होती. त्याचा मुलगा कॅराकॅला याने 215 मध्ये नवं नाणं काढलं: किंमत दोन देनारियसची, चांदी जेमतेम दीडाची. बादशहा गॅलिएनसच्या अखेरीस, 268 च्या सुमारास, त्या नाण्यात शेकडा पाच भागही चांदी उरली नव्हती. दर पिढीने थोडंच कापलं, आणि ज्याने त्याने आपापली नड भागवली.

इजिप्तमधल्या ऑक्सिरिंकस इथे 260 सालचा एक हुकूम पपायरसवर सापडला आहे. गादीला नवे दावेदार उभे राहिले होते आणि सराफांनी पेढ्याच बंद केल्या होत्या. अधिकारी बजावतो: पेढ्या उघडा, निव्वळ बनावट सोडून बादशहांचं सगळं नाणं घ्या. नाणं घ्या म्हणून हुकूम काढावा लागला, तिथेच सगळं आलं.

डायोक्लेशियनने 301 मध्ये भाव बांधून दिले. न्हाव्याला गिऱ्हाइकामागे दोन देनारियस, शेतमजुराला जेवून दिवसाला पंचवीस. म्हणजे ऑगस्टसच्या सैनिकाचा वर्षाचा पगार आता नऊ दिवसांच्या मजुरीएवढा. भाव मोडला तर देहदंड. मालच बाजारातून गायब झाला, असं समकालीन लॅक्टँशियस सांगतो; तो बादशहाचा कट्टर टीकाकार होता, पण हे पटण्यासारखं आहे. गंमत अशी की फौजेसाठी धान्य, मांस, कपडे सरकार स्वतः लोकांकडून ऐनजिनसी वसूल करत होतं.

कॉन्स्टंटाइनचं सोन्याचं सॉलिडस, पौंडाला 72, खरोखर अस्सल होतं. पण ते मोठ्यांच्या व्यवहारातलं; गरिबाच्या हाती तांबंच.

408 मध्ये गॉथ टोळ्यांचा राजा अलारिक याने रोमला वेढा घातला. उठवण्याची किंमत त्याने वजनात सांगितली: 5,000 पौंड सोनं, 30,000 पौंड चांदी, शिवाय रेशमी अंगरखे, लाल रंगवलेली कातडी आणि 3,000 पौंड मिरी. ती भरताना देवांच्या सोन्याचांदीच्या मूर्तीही वितळवल्या गेल्या. मिरी मात्र, जवळजवळ टनभर, मलबारहून आलेली अस्सल होती.