दंड नाही म्हणाल्या!

काल न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या आमच्या लायब्ररीत पुस्तक परत द्यायला गेले ते चांगलं एकोणीस दिवस उशिरा, पर्समधून पाचची नोट आधीच काढून मुठीत धरलेली. बाईंनी पुस्तक स्कॅन केलं आणि म्हणाल्या, झालं. मी म्हटलं, दंड? तर २०२१ च्या ऑक्टोबरपासून न्यूयॉर्क शहरातल्या तिन्ही पब्लिक लायब्ररी संस्थांनी दंड बंदच केलाय म्हणे! फार दिवस नाही दिलं तर पुस्तकाची किंमत लावतात, पण मग नेऊन दिलं की तीही माफ. मला अक्षरशः भरून आलं.

कारण मला वेळ कुठे असतो हो? दोन मुली, ऑफिस, ७ नंबरच्या ट्रेनमधली गर्दी. माझं वाचन चालतं कुकरच्या शिट्ट्यांवर. वरणभात लावला तर जेमतेम चार पानं होतात, राजमा असेल तर अख्खं प्रकरण, म्हणून आमच्याकडे राजमा वरचेवर होतो आणि मला त्यात काहीही चूक वाटत नाही. कणीक मळताना पुस्तक पिठाच्या डब्याला टेकवून उभं करते, हात भरलेले म्हणून पान कोपराने उलटते. इथल्या पुस्तकांना प्लॅस्टिकचं कव्हर असतं, हळदीचं बोट लागलं तरी पुसून निघतं, ज्याने कुणी हे सुरू केलं त्याच्या घरी नक्की स्वयंपाक होत असणार.

पण म्हणून कुणी मला आपल्याकडे वाचनसंस्कृती नाही वगैरे ऐकवू नका. मी ठाण्याची आहे, आमचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं आहे! आणि आमच्या गल्लीतल्या छोट्या लायब्ररीत दंड होता तो बरोबरच होता, ती चालायची मेंबरांच्या वर्गणीवर, इथे सरकार पैसे देतं, मग माफ करायला काय जातंय. शिवाय तिथले काका आईसाठी नवा दिवाळी अंक काउंटरखाली लपवून ठेवायचे, आई डबे भरून, भांडी आवरून धापा टाकत पोचायची तरी अंक तिचाच. इथे होल्ड लावला, म्हणजे पुस्तक राखून ठेवायला सांगितलं, की शेल्फवर माझ्या नावाची चिठ्ठी लावून पुस्तक ठेवतात, सोय उत्तम आहे, पण तुमची आई बरी आहे ना असं ती चिठ्ठी विचारत नाही.

असो. पाचची नोट वाचली, येताना आणखी दोन पुस्तकं आणलीत. राजमा भिजत घातलाय.