धुतलेली नळी

सर्पदंशात रक्त गोठतंय का हे बघायची तपासणी इतकी साधी आहे, की नव्या पोरांना शिकवताना मलाच ओशाळल्यासारखं होतं. कोरडी काचेची नळी घ्यायची, २ मिलिलिटर रक्त घालायचं, २० मिनिटं अजिबात न हलवता उभी ठेवायची आणि मग एकदाच आडवी करायची. गुठळी जागची हलली नाही तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विषावरची लस. ना मशीन, ना केमिकल.

पावसाळा सरत आला होता. रात्री आठच्या सुमाराला पन्हाळ्याकडनं शिवाजी पूल ओलांडून एक जीप आमच्या हॉस्पिटलला आली. पंचेचाळिशीच्या बाई, डावं पाऊल सुजलेलं, घोट्याच्या वर कासऱ्यानं करकचून आवळलेलं. "वैरण कापाय गेलतो. पायाखाली मऊ लागलं आन् लगीच आग झाली," त्या सांगत होत्या. पुतण्यानं मोबाइल पुढं केला. "अजगराचं पिल्लू हाय म्हणत्यात गावात."

अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. घोणस. डॉक्टरांनी फोटोकडे ओझरतं बघितलं. "लस नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांना एकच. नळी लावा."

लावली. साडेआठला आडवी केली आणि रक्त सरळ तोंडाशी आलं. डॉक्टरांनी १० कुप्या काढायला सांगितल्या, सिस्टर रिॲक्शनवरचं ॲड्रेनलिन भरू लागल्या. ही लस घोड्याच्या रक्तातनं येते, त्यामुळं एखाद्याला जोराची रिॲक्शनही येते. गरज असेल तर थांबायचं नाही, गरज नसेल तर द्यायची नाही.

मी बाईंच्या हातावरचा कापूस काढला. रक्त घेतलेल्या जागी एक काळपट टिपका वाळून बसलेला. हिरड्या साफ. नळी सांगत होती रक्त गोठत नाही, आणि हात सांगत होता गोठलंय.

नळी दिव्यासमोर धरली. लखलखीत होती. त्या चकाकीनंच पोटात गोळा आला. आदल्या दिवशी मावशींनी ट्रे भरून नळ्या धुतल्या होत्या आणि मी "वा मावशी, आरसाच केला की!" म्हणून कौतुकही केलं होतं. कशानं धुतल्या, हे विचारलं नव्हतं. रक्ताला गोठायची पहिली चालना काचेच्या पृष्ठभागाकडनं मिळते. साबणाचा थर बसला की ती मिळत नाही, आणि प्लास्टिकवरही तीच गत. हे मीच दर बॅचला घोकून घेतो.

डॉक्टरांना खरं काय ते सांगितलं. ते दोन सेकंद माझ्याकडे बघत राहिले. "सूज घोट्यापाशीच आहे. वीस मिनिटं देतो. पण लस हाताशी ठेवा."

बाईंचं रक्त नव्या पाकिटातल्या नळीत घातलं. सिस्टरला माझा दंड बांधायला लावला आणि माझं रक्त मावशींच्या नळीत. आयुष्यात इतकं घड्याळ मी बोर्डाच्या पेपरालाही बघितलं नाही. वेळ झाली. बाईंची गुठळी नळीला घट्ट. माझं रक्त, धडधाकट माणसाचं, पाण्यासारखं वाहिलं.

सुटलो, असं वाटलं. डॉक्टर म्हणाले, "आत्ता गोठलं म्हणजे पुढं गोठेलच असं नाही. दर तासाला."

आणि पुढच्याच नळीनं ते खरं केलं. नवी कोरी काच, तरी रक्त वाहिलं. हातावरचा तो वाळलेला टिपकाही आता पाझरू लागला होता. घोणशीचं विष रक्त आधी भराभर गोठवायला लावतं. त्यात गोठायचा सगळा माल संपतो आणि मग गुठळी करायला काही उरतच नाही. गंमत अशी, की हेच विष पातळ करून १९३४ मध्ये मॅकफार्लेन आणि बार्नेट या संशोधकांनी हिमोफिलियाच्या, म्हणजे जन्मतःच रक्त नीट न गोठणाऱ्या, रुग्णांचा रक्तस्राव थांबवायला वापरलं होतं. वारंवार गर्भपात होणाऱ्या बायकांची जी एक रक्ततपासणी करतात, तिच्या किटमध्येही आज घोणशीचंच विष असतं.

१० कुप्या तासाभरात गेल्या. एका मिलिलिटरनं ०.६ मिलिग्रॅम घोणशीचं विष निकामी होतं, म्हणजे १० मिलिलिटरच्या १० कुप्यांनी ६० मिलिग्रॅम. पुढची नळी सहा तासांनी, कारण संपलेला माल यकृताला नव्यानं बनवायला तेवढा वेळ लागतो. मधे लावून जिवाला घोर तेवढा.

पहाटे पाचच्या सुमाराला नळी आडवी केली. गुठळी जागची हलली नाही. मी पुन्हा उभी केली, पुन्हा आडवी केली. बाई जाग्याच होत्या. "म्हशीची धार कुणी काढली आसंल?" त्यांनी पुतण्याला विचारलं. त्याला काही उत्तर देता येईना.

सकाळी मी तो सगळा ट्रे कचऱ्यात ओतत होतो तेवढ्यात मावशी आल्या. "आवो, चांगल्या चकचकीत केल्या हुत्या की मी. टाकताय कशाला?"