सेरेब्रल पाल्सी आणि स्टेम सेल: पैसे भरण्याआधी

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला इजा झाल्याने मुलाच्या हालचालींवर येणारी मर्यादा. असं मूल चालेल का, हा प्रश्न घेऊन आलेल्या आईबाबांसमोर आज एक वेगळा रस्ताही ठेवला जातो: स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून इतर पेशी तयार होऊ शकतात अशा मूळ पेशी. त्यातून काय मिळू शकतं, ते आधी नीट समजून घ्या.

टोचलेल्या पेशी मेंदूत जाऊन मेलेल्या चेतापेशींची जागा घेतात, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. त्या थोडा काळ टिकतात, दाह कमी करणारी द्रव्यं सोडतात आणि संपतात. म्हणून हा उपचार व्यायामाच्या जोडीचाच. रोजचा व्यायाम बंद करून तो घेण्यात अर्थ नाही.

त्यातल्या त्यात बरा पुरावा आहे तो नाळेच्या रक्ताचा. अनेक चाचण्यांतल्या मुलांची आकडेवारी २०२५ मध्ये एकत्र तपासली गेली. हालचालींच्या जीएमएफएम-६६ या १०० गुणांच्या मोजणीत वर्षाअखेर उपचार घेतलेली मुलं सरासरी १.४ गुणांनी पुढे होती. फरक खरा आहे, पण एवढाच. पाच वर्षांखालच्या आणि सौम्य त्रास असलेल्या मुलांत तो जास्त दिसला.

डोसही पाहा. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या २०१७ च्या चाचणीत ६३ मुलं होती. मुख्य निकालात फरक आला नाही. किलोमागे २ कोटी किंवा जास्त पेशी मिळालेल्यांत मात्र सुधारणा अधिक होती. म्हणजे १५ किलोच्या मुलाला ३० कोटी पेशी लागतात. जन्मावेळी नाळेचं रक्त गोठवून बँकेत ठेवलेली पिशवी तेवढीच राहते, मूल मात्र वाढतं. ते रक्त वितळवल्यावर किती पेशी जिवंत राहतील, हे बँकेला लेखी विचारा.

आधीचे-नंतरचे व्हिडिओ बघून भुलू नका. हालचालींच्या त्रासाच्या पाच लेव्हल असतात, १ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत तीव्र. कॅनडातल्या २००२ च्या अभ्यासानुसार लेव्हल ५ ची मुलं हालचालींच्या आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी २.७ वर्षांच्या वयातच पोचतात, लेव्हल १ ची ४.८ वर्षांच्या वयात. दोन वर्षांच्या बाळाची सहा महिन्यांतली बरीचशी प्रगती एरवीही झालीच असती. उपचार मिळाला की नाही हे माहीत नसलेल्या थेरपिस्टने मोजलेले गुण मागा.

काही ठिकाणी कमरेच्या हाडातून अस्थिमज्जा काढून तिच्यातल्या पेशी मणक्यातून टोचतात, त्यात डोकेदुखी, उलट्या, ताप येऊ शकतो. आकडीही येऊ शकते. मुलाला आधीपासून फिट्स असतील तर न्यूरॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय पुढे जाऊच नका.

भारतात आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या काही आजारांतलं प्रत्यारोपण सोडता स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. दवाखान्याने पॅकेजचा दर सांगितला तर ती चाचणी नव्हे. सीटीआरआय या देशातल्या चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीतला नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः तपासा.

या सगळ्या धावपळीत खुबा विसरला जातो, याचं फार वाईट वाटतं. लेव्हल ३ ते ५ च्या मुलाचा खुब्याचा एक्स-रे ठरलेल्या वेळी व्हायलाच हवा. मायग्रेशन पर्सेंटेज, म्हणजे खुब्याचा गोळा खोबणीबाहेर किती टक्के सरकलाय ते, ३० च्या वर गेलं की लहान मुलांच्या ऑर्थोपेडिक सर्जनला दाखवा. दुखायची वाट पाहू नका, खुबा सरकताना सुरुवातीला दुखत नाही. ताठर स्नायू सैल करायला बोटॉक्सचं इंजेक्शन दिलं असेल तर त्याचा जोर साधारण तीन महिने टिकतो. ताणाचे व्यायाम, प्लास्टर, स्प्लिंट त्याच काळात. स्प्लिंट काढल्यावर टाचेवरचा लाल वळ वीसेक मिनिटांत गेला नाही, तर ते घट्ट होतंय. तसंच घालत राहिलात तर जखम होईल आणि मग आठवडाभर पाय मोकळाच ठेवावा लागेल.