फ्रीजवर कोड आला की लगेच ‘गॅस गेला’ म्हणू नका

१ मार्च २०२१ पासून इथे युरोपात फ्रीजबद्दल एक नियम लागू आहे. सोलापुरात वाढलेल्या माणसाला तो पहिल्यांदा वाचून खरा वाटत नाही. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतरही दाराचं रबर कंपनीनं पुढची किमान दहा वर्षं मिळेल असं ठेवायचं. थर्मोस्टॅट, तापमानाचे सेन्सर, पीसीबी (फ्रीज चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड), बिजागऱ्या, हँडल, ट्रे हे सगळं किमान सात वर्षं. मागणी नोंदवली की पंधरा कामाच्या दिवसांत पार्ट पोचला पाहिजे. रबर, बिजागरी, ट्रे असल्या वस्तू सामान्य ग्राहकही थेट मागवू शकतो. सेन्सर आणि पीसीबी मात्र व्यावसायिक दुरुस्तीवाल्यालाच द्यायचं बंधन आहे.

पार्टची सोय कायद्यानं झाली, माणसाची झाली नाही. जर्मनीत टेक्निशियन दारात उभा राहण्याचेच पैसे लागतात, शिवाय तारीख मिळेपर्यंत फ्रीजरमधलं सगळं पाणी होतं. म्हणून इथली माणसं आधी स्वतः निदान करतात आणि मगच फोन उचलतात. याला कोणी कंजूषपणा म्हणेल. पण मला ती शिस्त वाटते, आणि आपल्याकडे तीच कमी पडते. सोलापूरच्या नवी पेठेत सकाळी सांगितलं तर संध्याकाळी माणूस पिशवी घेऊन हजर होतो, जळालेल्या पीसीबीवरचा एकच कपॅसिटर बदलून तो चालू करून दाखवतो. ते हातातलं कसब इथे शोधून सापडत नाही. इथे अख्खा बोर्ड बदलतात. पण त्याच माणसाच्या तोंडचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा एकच असतं: ‘गॅस गेलाय.’

या वाक्यानं घरोघरी किती पैसे वाया जातात! गॅस म्हणजे स्कूटरमधलं पेट्रोल नव्हे, तो वापरून संपत नाही. तांब्या-ॲल्युमिनियमच्या बंद नळीत तोच गॅस वर्षानुवर्षं फिरतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जाणारच. खरी गळती ओळखता येते. फ्रीजरच्या आतलं मागचं पॅनल काढून कॉइल, म्हणजे गार होणाऱ्या नळीचे वेढे, बघा. बर्फ पहिल्या एक-दोन वेढ्यांवरच आहे, बाकीची कॉइल कोरडी आहे, कम्प्रेसर थांबतच नाही आणि फ्रीजच्या बाजूच्या भिंती जेमतेम कोमट आहेत, तर गॅसचा संशय रास्त. वरपासून खालपर्यंत पातळ, सारखं दव गोठलेलं दिसलं तर गॅस पुरेसा आहे. आणि पॅनलच बर्फाच्या लादीत गाडलं गेलं असेल, तर दोष गॅसचा नाही, डीफ्रॉस्टचा, म्हणजे कॉइलवरचा बर्फ आपोआप वितळवणाऱ्या यंत्रणेचा आहे. मे महिन्यात गावाकडून जे व्हिडिओ कॉल येतात त्यांत हा तिसरा प्रकारच जास्त दिसतो.

आता कोड, म्हणजे बिघाड झाला की डिस्प्लेवर दिसणारी अक्षरं-आकडे. एलजीवर ‘ईआर एफएफ’ म्हणजे फ्रीजरचा पंखा, ‘ईआर डीएच’ म्हणजे डीफ्रॉस्ट ठरलेल्या वेळेत पुरं झालं नाही. सॅमसंगवर ‘२१ई’ फ्रीजरचा पंखा, ‘२२ई’ खालच्या कप्प्याचा. काही मॉडेलवर शेवटी ई ऐवजी सी असतो. नवाच फ्रीज आहे, दिवा लागतो, गार मात्र होत नाही आणि डिस्प्लेवर ‘ऑफ’सारखी अक्षरं आहेत, तर तो दुकानातला डेमो मोड आहे. मॅन्युअलमध्ये दिलेली दोन बटणं काही सेकंद एकत्र दाबून धरली की तो निघतो. यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

कोड तक्रार कुठे आहे ते सांगतो, खराब काय झालंय ते सांगत नाही. पीसीबीला एवढंच कळतं की पंख्याला वीज दिली आणि तो फिरल्याची खूण परत आली नाही. मोटर जळाली, वायर तुटली, कनेक्टरमध्ये ओल गेली किंवा पात्याला बर्फ अडला, चारही वेळा कोड तोच. म्हणून ‘पंख्याचा कोड आहे, पंखा बदला’ हा सल्ला चारातल्या एकाच वेळी बरोबर ठरेल.

आधी डिस्प्लेचा फोटो काढा, कारण प्लग काढला की कोड पुसला जातो. मग प्लग काढा आणि निदान दहा मिनिटं थांबा. कम्प्रेसरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला एवढा वेळ लागतोच. पुन्हा चालू केल्यावर खरी माहिती मिळते ती एका गोष्टीतून: कोड किती वेळानं परत आला? काही मिनिटांत आला तर दोष विजेचा आहे (मोटर, वायर, कनेक्टर) किंवा पात्याला आधीच बर्फ अडलाय. यातलं कुठलं ते कळायला फ्रीज पूर्ण वितळवा, नंतर पुन्हा घड्याळ लावा. तरीही काही मिनिटांत आला तर दोष विजेचाच. आठवड्याभरानं किंवा त्याच्या आसपास तोच कोड पुन्हा दिसला तर पंखा निर्दोष आहे. बर्फ हळूहळू साचून त्याला अडवतोय. महिनोन्‌महिने आलाच नाही तर दार एखाद्या रात्री उघडं राहिलं असेल किंवा रबर कुठेतरी सुटलं असेल. रबरात कागदाची पट्टी धरून दार लावा आणि ओढा. सहज सरकली, तिथून दमट हवा आत जाते.

वितळवणं म्हणजे खरंच वितळवणं. दोन तास बंद ठेवून वरचा बर्फ गेला तरी पॅनलमागची लादी तशीच असते. दोन्ही दारं उघडी, प्लग काढलेला, सोलापूरच्या उन्हाळ्यात रात्रभर, थंडीत पुरे चोवीस तास. खाली जाडजूड टॉवेल घाला. ते आपल्याला कोणी सांगायला नको. सुरी, स्क्रू ड्रायव्हर, उलथनं यातलं काहीही कॉइलजवळ नेऊ नका. ॲल्युमिनियमला एक टोचा बसला की मघाचं ‘गॅस गेलाय’ खरं होतं, आणि सध्याच्या बहुतेक फ्रीजमधला आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, तो पेट घेतो. कॉइलच्या खाली पाणी जायचं भोक असतं. त्यात कोमट पाणी सोडा, मागच्या ट्रेमध्ये उतरलं पाहिजे.

बर्फ परत साचत असेल तर चार पार्ट मल्टीमीटरनं मोजायचे, प्लग काढून आणि कनेक्टर सोडवून: कॉइलवरचा बर्फ वितळवणारा हीटर, त्याला जास्त तापण्यापासून वाचवणारा थर्मल फ्यूज, हीटर बंद करणारा बायमेटल आणि सेन्सर. हीटरवर वॅट छापलेले असतात. २३० चा वर्ग भागिले वॅट म्हणजे ओहम. २०० वॅटचा हीटर २६५ ओहमच्या आसपास दिसायला हवा. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटलाय. जर्मनीतही वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच आहे, त्यामुळे हे गणित दोन्हीकडे चालतं.

थर्मल फ्यूज एकदा उडला की कायमचा गेला. तो काढून वायर थेट जोडणारे मेकॅनिक आहेत. त्यांना हात लावू देऊ नका, हीटर बंद झाला नाही तर आतलं प्लॅस्टिक वितळून पेटू शकतं. बायमेटल वेगळा. तो गार असताना जोडलेला असतो आणि गरम झाला की सुटतो, म्हणून टेबलावर मोजला तर ‘तुटलेला’ दिसतो. चांगले बायमेटल याच गैरसमजातून कचऱ्यात जातात. तासभर फ्रीजरमध्ये गोठवून, बाहेर काढल्या काढल्या मोजा.

सेन्सर गार झाला की त्याचा ओहम वाढतो. सॅमसंगच्या बऱ्याच मॉडेलमध्ये २५ अंशाला ५ किलोओहम असतो आणि बर्फाच्या पाण्यात दुपटीच्या वर जातो. तक्ता हाताशी नसेल तर सोपी युक्ती आहे. फ्रीजर आणि खालचा कप्पा यांत बहुतेकदा एकाच जातीचे सेन्सर असतात. दोन्ही काढून एकाच पेल्यात, बर्फ-पाण्यात पाच मिनिटं बुडवा. आकडे जवळजवळ सारखे आले पाहिजेत. एक भलतीकडेच गेला, तो बदला.

हवामानाची तुलना लोक नेहमी उलटी करतात. इथे थंडी आहे म्हणून फ्रीजला त्रास नाही, असं नाही. भाजीच्या ट्रेजवळच्या नेमप्लेटवर ‘एन’ असेल तर तो १६ ते ३२ अंशांच्या खोलीसाठी आहे. तळघरात ८ अंशांवर ठेवला की एकच थर्मोस्टॅट असलेला फ्रीज ‘आत गारच आहे’ समजून कम्प्रेसर सुरूच करत नाही आणि फ्रीजर वितळतो. नव्यानं आलेले आपले लोक हिवाळ्यात याच कोड्यात सापडतात. आपल्याकडे ‘टी’ हे अक्षर बघा, ४३ अंशांपर्यंतचं. सोलापूरचा मे त्याला टेकतो, त्यामुळे फ्रीज भिंतीला चिकटवून ठेवायची तिथे सोयच नाही. पूर्व भागात खाली माग आणि वर घर असेल तर कापसाचे तंतू मागच्या जाळीवर गादीसारखे बसतात. कोरड्या ब्रशनं महिन्याला एकदा काढा, नाहीतर कंडेन्सरच्या, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्यांच्या, पंख्याचा कोड येऊ शकतो.

एवढं सगळं करून गळती खरीच निघाली, तर मेकॅनिकसमोर उभं राहून तीन गोष्टी मागा. गळतीची जागा दाखवून ती जोडणं आणि सोबत फिल्टर ड्रायर (नळीतली ओल आणि कचरा धरणारा पार्ट) नवा घालणं. गॅसच्या आधी पंपानं निदान अर्धा तास व्हॅक्यूम, म्हणजे नळीतली हवा आणि ओल खेचून काढणं. आणि नेमप्लेटवर लिहिलेले ग्रॅम, जे आर-६००एच्या घरगुती फ्रीजमध्ये अनेकदा शंभराच्याही आत असतात, ग्रॅमच्या वजनकाट्यावर मोजून. ‘अंदाजानं भरतो’ म्हणाला तर दुसरा बघा. सोलापुरात तो मिळतो.